इंग्रजी परिच्छेद-दुरुस्ती

इंग्रजी परिच्छेद-दुरुस्ती म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या व्यक्तीने स्वतः लिहिलेला परिच्छेद तपासून त्यातील व्याकरणाचे आणि विचारांच्या मांडणीचे दोष दूर करण्याची अध्यापन-प्रक्रिया होय. या प्रक्रियेत दोन निरनिराळी कामे एकत्र आलेली असतात. पहिले काम भाषेचे : क्रियापदाचा काळ, वचन, उपपद, शब्दयोग, शब्दक्रम व विरामचिन्हे यांची शुद्धी. दुसरे काम तर्काचे : वाक्यांचा क्रम, त्यांचा परस्परसंबंध आणि परिच्छेदातून निघणारा निष्कर्ष यांची तपासणी. मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या लेखनात पहिल्या प्रकारचे अनेक दोष मराठी व्याकरणाच्या सवयीतून येतात. दुसऱ्या प्रकारचे दोष मात्र बहुधा कोणत्याच भाषेचे नसतात. तोच मजकूर मराठीत लिहिला तरी ते कायम राहतात. त्यामुळे या दोहोंवरील उपायही वेगळे असतात.

प्रस्तुत लेखात खानदेशातील, विशेषतः वरणगाव परिसरातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची भाषास्थिती डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचे विवेचन केले आहे. इंग्रजी उदाहरणे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरी लिपीत दिली आहेत.

संज्ञा आणि व्याप्ती

एका मध्यवर्ती कल्पनेभोवती गुंफलेल्या वाक्यांचा समूह म्हणजे परिच्छेद. स्कॉटिश विद्वान अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी रचनाशास्त्रावरील ग्रंथात परिच्छेदाचे नियम पद्धतशीरपणे सांगितले. परिच्छेदाचा विषय आरंभी सूचित व्हावा, त्यात एकसंधता असावी आणि प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट असावा, ही अपेक्षा तेव्हापासून शालेय इंग्रजी लेखनात रुजली.

दुरुस्ती, पुनर्लेखन आणि मूल्यमापन या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मूल्यमापनात गुण दिले जातात. पुनर्लेखनात तपासणारा आपल्या शब्दांत नवा मजकूर लिहितो. दुरुस्तीत मात्र लिहिणाऱ्याचा आशय कायम ठेवून तो आशय वाचकापर्यंत नीट पोहोचेल एवढाच बदल अपेक्षित असतो. ‘आशय लिहिणाऱ्याचा, शुद्धी भाषेची’ असे या तत्त्वाचे थोडक्यात वर्णन करता येईल. व्यवहारात हीच सीमारेषा वारंवार ओलांडली जाते. शिक्षकाने सुधारलेला परिच्छेद निर्दोष असतो, पण तो विद्यार्थ्याला जे म्हणायचे होते ते सांगत असेलच असे नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात भाषा-दुरुस्तीचा इतिहास दुहेरी आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे इंग्रजी शिकत होती, त्याच काळात इंग्रज अधिकारी मराठी शिकत होते आणि मराठी पुस्तके तपासतही होते. मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी–इंग्रजी शब्दकोशाच्या कामात साहाय्य केले. १८४७ चा इंग्रजी–मराठी कोश त्यांनी पूर्णत्वास नेला. मराठी लेखनात इंग्रजीप्रमाणे विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांची मराठी इंग्रजी वळणाची आहे, अशी टीकाही झाली. परभाषेत लिहिणाऱ्याच्या वाक्यात त्याच्या मातृभाषेचे वळण उमटते, हे तत्त्व दोन्ही दिशांनी लागू असल्याचा हा पुरावा म्हणता येईल.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. मराठी वाक्याची घडण नेमकी कशी आहे हे या ग्रंथांनी स्पष्ट केल्यामुळे इंग्रजी वाक्याशी तिची तुलना करणे शक्य झाले. इंग्रजी शिकण्यासाठी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ मराठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. भाषांतर-पद्धतीने वाक्यरचनेची पक्की तयारी होत असे. तथापि या पद्धतीत अभ्यासाचे एकक वाक्य हे असल्याने सुटी वाक्ये शुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही सलग परिच्छेद लिहिताना अडचण येई.

महाराष्ट्र राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. त्यापूर्वी तो पाचवीपासून असे. पाठ्यपुस्तकांची निर्मिती १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’ या संस्थेकडून होते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे खानदेशातील जिल्हे दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. शालेय परीक्षांतील पत्रलेखन, वृत्तान्तलेखन, कथालेखन यांसारख्या प्रश्नांत विद्यार्थ्याला स्वतःची वाक्ये रचावी लागतात. तेथे पाठांतराचा उपयोग मर्यादित असतो आणि परिच्छेद-दुरुस्तीचा सराव उपयोगी पडतो.

वरणगाव परिसरातील भाषास्थिती

वरणगाव हे जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील नगर आहे. येथील आयुध निर्माणी आणि जवळचे भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन यांमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली असून मराठीबरोबर हिंदीचाही वापर होतो. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील अनेक घरांत लेवा गणबोली बोलली जाते. जिल्ह्याच्या पश्चिम भागात आणि धुळे जिल्ह्यात अहिराणीचा प्रभाव आहे.

याचा अर्थ असा की, येथील बऱ्याच मुलांसाठी इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी किंवा चौथी भाषा असते. घरात बोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात व वसाहतीत हिंदी आणि मग इंग्रजी असा हा क्रम होय. परिच्छेद तपासताना ही गोष्ट विचारात घ्यावी लागते. बोलीभाषक विद्यार्थ्याने प्रमाण मराठीतील लेखनाची शिस्त आधीच एकदा प्रयत्नपूर्वक मिळवलेली असते. ‘बोलतो तसे लिहायचे नसते’ हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. इंग्रजी लेखनात हा अनुभव अडसर न ठरता आधार ठरू शकतो. बोलीचा प्रभाव ही विचारातील गोंधळाची खूण नव्हे. आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या आणि त्यांची रचना या परिसराच्या बोलीत आहे. तरीही दृष्टान्तावरून सिद्धान्ताकडे जाण्याची त्यांच्या काव्यातील रीत अत्यंत नेटकी आहे. जळगाव येथील विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

मराठीच्या वळणातून येणारे व्याकरणदोष

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये मातृभाषा व लक्ष्यभाषा यांच्या तुलनेवरून शिकणाऱ्याच्या अडचणी ओळखता येतात, असे प्रतिपादन केले. मराठी भाषकांच्या बाबतीत पुढील दोष या प्रकारात मोडतात.

जोडअव्ययांची जोडी : मराठीत ‘जरी–तरी’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जो–तो’ अशी उभयान्वयी व संबंधी शब्दांची जोडी वापरली जाते. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा एकच शब्द पुरतो. मराठीच्या सवयीने ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट’ असे लिहिले जाते. यातील ‘ऑल्दो’ किंवा ‘बट’ यांपैकी एकच ठेवावा लागतो. ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन’ या वाक्यातील ‘ही’ हा ‘जो–तो’मधील ‘तो’ आहे. तो गाळला की वाक्य शुद्ध होते.

आदरार्थी बहुवचन : ‘बाबा शिक्षक आहेत’ या वाक्यातील बहुवचन आदराचे आहे. इंग्रजीत क्रियापदाने आदर दाखवण्याची सोय नाही. म्हणून ‘माय फादर आर अ टीचर’ या वाक्यात ‘आर’च्या जागी ‘इज’ हवे. वडिलांसाठी ‘इज’ लिहिणे उद्धटपणाचे नाही, हे लहान वर्गांत मुद्दाम सांगावे लागते.

पूर्ण वर्तमानकाळ : ‘मी हा चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत सहज चालते. इंग्रजीत भूतकाळातील निश्चित वेळ सांगितली की साधा भूतकाळ वापरतात. म्हणून ‘आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर’ ऐवजी ‘आय सॉ धिस फिल्म लास्ट इयर’ असे लिहितात.

‘पासून’चे दोन अर्थ : ‘सोमवारपासून’ आणि ‘बारा वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीत एकच शब्दयोगी अव्यय येते. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ असा भेद आहे : ‘सिन्स मंडे’, परंतु ‘फॉर ट्वेल्व्ह इयर्स’.

उपपदे : मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती एकतर गाळली जातात किंवा ‘एक माणूस’ या धर्तीवर ‘वन मॅन’ असे लिहिले जाते. वाचकाला ‘कोणते?’ हे आधीच ठाऊक असेल तर ‘द’ आणि वस्तू प्रथमच येत असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’, हा स्थूल नियम आरंभी पुरेसा असतो. म्हणजेच उपपदाचा संबंध वाक्याबाहेरील संदर्भाशी असतो. सुटे वाक्य पाहून ते नेहमीच ठरवता येत नाही. परिच्छेद पाहावा लागतो.

कथित वाक्य : ‘तो म्हणाला की मी येईन’ या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात आणि ‘मी’ म्हणजे ‘तो’च असतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे लिहिल्यास ‘आय’ म्हणजे लेखक असा अर्थ होतो. येथे ‘ही सेड दॅट ही वुड कम’ असे हवे. वरील दोषांमध्ये हा सर्वांत धोक्याचा आहे, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या बरे दिसते आणि अर्थ मात्र बदलतो.

क्रियापद व कर्ता : मराठीत ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने पोळी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत क्रियापदाची जुळणी कर्त्याशीच होते. वाक्य लांब झाले की कर्ता शोधून त्याखाली रेघ मारण्याचा सराव यासाठी उपयोगी पडतो.

वाक्यांची सीमा : मराठीत स्वल्पविरामाने दोन-तीन स्वतंत्र वाक्ये जोडत जाणे अनेकदा खपून जाते. औपचारिक इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये केवळ स्वल्पविराम देणे दोषास्पद मानतात. तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’, ‘बट’ यांसारखे उभयान्वयी अव्यय लागते.

नियमाच्या अतिवापरातून येणारे दोष

सर्वच दोषांचे खापर मातृभाषेवर फोडता येत नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हे वाक्य पाहावे. मराठीत प्रश्नासाठी शब्दक्रम उलटत नाही. मग ही उलटापालट मराठीतून आली कशी? ती वर्गात शिकवलेल्या नियमातून आली. प्रश्नार्थक वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हा नियम विद्यार्थ्याने अप्रत्यक्ष प्रश्नालाही लावला. ‘शी कॅन सिंग्स’, ‘डिड यू वेंट’ ही उदाहरणेही याच जातीची आहेत.

पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या एका प्रभावी निबंधात अशा दोषांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. नियम ठाऊक असूनही घाईने होणारे स्खलन आणि नियमाच्या अपुऱ्या ज्ञानातून वारंवार होणारी चूक यांत त्यांनी भेद केला. दुसऱ्या प्रकारची चूक ही शिकणाऱ्याच्या मनात सध्या कोणता नियम काम करत आहे हे दाखवते, असे त्यांचे म्हणणे होते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या मधल्या अवस्थेतील भाषेला स्वतंत्र भाषाव्यवस्था मानले. शिक्षकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की, स्खलनावर केवळ खूण पुरेशी असते, तर चुकीसाठी नियम पुन्हा समजावावा लागतो. विद्यार्थ्याला ते वाक्य मोठ्याने वाचण्यास सांगितल्यास भेद सहसा कळतो : स्खलन तो स्वतःच पकडतो, चूक त्याला दिसत नाही.

तर्कसंगतीतील दोष

वाक्ये शुद्ध असूनही परिच्छेद न समजण्याची कारणे पुढीलप्रमाणे असतात.

१. विषयांतर : मध्येच असे वाक्य येते की ज्याचा मुख्य कल्पनेशी संबंध नाही.

२. गाळलेली पायरी : लेखकाला ठाऊक असलेली एखादी गोष्ट वाचकालाही ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते.

३. पोकळ दुवा : ‘सो’, ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’ हे शब्द येतात, पण त्यांनी सुचवलेला कार्यकारणसंबंध किंवा भर प्रत्यक्षात नसते.

४. अस्पष्ट सर्वनाम : ‘ही’, ‘इट’, ‘दे’ कोणासाठी वापरले आहे हे कळत नाही. मराठीत लिंग-वचनानुसार क्रियापद बदलत असल्याने बराच उलगडा आपोआप होतो. इंग्रजीत तो आधार कमी आहे.

५. क्रमभंग : परिणाम आधी आणि कारण फार उशिरा, किंवा घटनांचा काळक्रम मागेपुढे.

मायकेल हॅलिडे आणि रुकैया हसन यांच्या १९७६ च्या ग्रंथात सर्वनामे, उभयान्वयी शब्द, पुनरुक्ती इत्यादी साधनांनी इंग्रजी मजकूर कसा जोडला जातो याचे सविस्तर विश्लेषण आहे. मात्र जोडणारे शब्द म्हणजे जोड नव्हे. ‘सो’ हा शब्द कारण निर्माण करत नाही; असलेले कारण दाखवतो.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. न्यायदर्शनात अनुमान मांडण्यासाठी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण तेथे धूर आहे (हेतू), जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण), या डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय), म्हणून येथे अग्नी आहे (निगमन). मत मांडणाऱ्या इंग्रजी परिच्छेदातील विषयवाक्य हे प्रतिज्ञेसारखे, पुढील आधारवाक्ये हेतू व उदाहरणासारखी आणि समारोपाचे वाक्य निगमनासारखे असते. प्रत्येक वाक्यासमोर ‘हे काय करते?’ असे विचारून समासात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण असे लिहिले, तर ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते वाक्य बहुधा अस्थानी असते. वर्णन किंवा कथन करणाऱ्या परिच्छेदाला ही चौकट जशीच्या तशी लागू होत नाही. तेथे स्थळाचा किंवा काळाचा क्रम तपासावा लागतो.

रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये असे मत मांडले की, परिच्छेदाची मांडणी संस्कृतीनुसार बदलते आणि इंग्रजी वाचकाला सरळ रेषेतील मांडणी अपेक्षित असते. सर्व पौर्वात्य भाषांना एकाच साच्यात बसवल्याबद्दल या मतावर पुढे बरीच टीका झाली. त्यातून एक मर्यादित बोध मात्र घेता येतो : फिरून मुद्द्यावर येणारी मांडणी हा नेहमीच तर्कदोष नसतो, ती निराळी सवय असू शकते.

दुरुस्तीचा क्रम

परिच्छेद हाती आल्यावर पहिल्या ओळीपासून लाल शाईने शुद्धलेखन तपासू लागणे ही रूढ पद्धत आहे. तिच्यात श्रमाचा अपव्यय होतो, कारण जे वाक्य शेवटी गाळायचे आहे तेही आधी शुद्ध केले जाते. म्हणून पुढील क्रम सोयीचा ठरतो.

पहिली पायरी – आशय : हातात लेखणी न घेता संपूर्ण परिच्छेद वाचावा. ‘हा परिच्छेद कशाविषयी आहे?’ याचे उत्तर एका वाक्यात विद्यार्थ्याकडून घ्यावे. ते मराठीत किंवा बोलीत दिले तरी चालते.

दुसरी पायरी – क्रम : त्या उत्तराशी संबंध नसलेली वाक्ये बाजूला ठेवावीत, गाळलेल्या पायऱ्यांविषयी प्रश्न विचारावेत आणि उरलेल्या वाक्यांना क्रमांक द्यावेत.

तिसरी पायरी – वाक्य : काळ, कर्ता-क्रियापद, उपपद, शब्दयोग आणि वाक्यांच्या सीमा तपासाव्यात. एका वेळी दोन किंवा तीन प्रकारच्या चुकांवरच भर द्यावा.

चौथी पायरी – अक्षर : स्पेलिंग, मोठी अक्षरे व विरामचिन्हे शेवटी पाहावीत.

नमुना परिच्छेद

पुढील परिच्छेद स्पष्टीकरणासाठी तयार केलेला आहे. त्यातील दोष मात्र नेहमी आढळणारे आहेत.

‘वरणगाव इज माय टाउन. इट इज हॅव वन ऑर्डनन्स फॅक्टरी. माय फादर आर वर्किंग इन दॅट फॅक्टरी सिन्स ट्वेल्व्ह इयर्स. बनाना इज फेमस इन अवर डिस्ट्रिक्ट. ऑल्दो फॅक्टरी इज फार फ्रॉम अवर हाउस, बट ही गोज बाय सायकल. लास्ट इयर ही हॅज टेकन प्राइझ. ही सेड दॅट आय विल बाय न्यू सायकल. सो आय लाइक माय टाउन.’

केवळ व्याकरण सुधारले तर परिच्छेद असा होतो :

‘वरणगाव इज माय टाउन. इट हॅज ॲन ऑर्डनन्स फॅक्टरी. माय फादर हॅज बीन वर्किंग इन दॅट फॅक्टरी फॉर ट्वेल्व्ह इयर्स. बनानाज आर फेमस इन अवर डिस्ट्रिक्ट. ऑल्दो द फॅक्टरी इज फार फ्रॉम अवर हाउस, ही गोज बाय सायकल. लास्ट इयर ही वॉन अ प्राइझ. ही सेड दॅट ही वुड बाय अ न्यू सायकल. सो आय लाइक माय टाउन.’

आता प्रत्येक वाक्य शुद्ध आहे, तरीही परिच्छेद उभा राहत नाही. विषय गाव की वडील, हे कळत नाही. केळीचे वाक्य अधांतरी आहे. बक्षीस कशाचे, हे सांगितलेले नाही. शेवटच्या ‘सो’मागे कारण नाही. याहून गंभीर बाब सातव्या वाक्यात आहे. मूळ वाक्यातील ‘आय’ म्हणजे वडील की मुलगा? शिक्षकाने ‘ही वुड’ असे लिहून स्वतःच निर्णय देऊन टाकला. मुलाला ‘सायकल मी घ्यावी असे बाबा म्हणाले’ असे सांगायचे असेल, तर या दुरुस्तीने त्याचे वाक्य शुद्ध झाले आणि त्याची गोष्ट खोटी झाली.

म्हणून येथे लिहिण्याआधी विचारावे लागते. समजा, विद्यार्थ्याने पुढील उत्तरे दिली : परिच्छेद बाबांविषयी आहे, बक्षीस नियमित हजेरीचे होते, त्या पैशातून बाबा स्वतःसाठी सायकल घेणार होते, आणि शेवटी त्याला बाबांचा अभिमान वाटतो असे म्हणायचे होते. या उत्तरांवरून तयार होणारा परिच्छेद असा :

‘माय फादर हॅज बीन वर्किंग इन द ऑर्डनन्स फॅक्टरी ॲट वरणगाव फॉर ट्वेल्व्ह इयर्स. द फॅक्टरी इज फार फ्रॉम अवर हाउस, बट ही गोज देअर बाय सायकल एव्हरी डे. लास्ट इयर ही वॉन अ प्राइझ फॉर गुड अटेंडन्स. ही सेड दॅट ही वुड बाय अ न्यू सायकल विथ द प्राइझ मनी. आय ॲम प्राउड ऑफ हिम.’

केळीचे वाक्य चुकीचे नाही. ते गावावरील दुसऱ्या परिच्छेदासाठी राखून ठेवावे. ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांपैकी विद्यार्थ्याला अधिक परिचित असलेला ‘बट’ ठेवला आहे. वाक्ये साधीच राहिली आहेत, कारण त्याहून अलंकृत इंग्रजी या विद्यार्थ्याचे ठरले नसते. नवी माहिती जेवढी आली तेवढी सर्व त्याच्याच तोंडची आहे.

खुणा आणि मतभेद

चूक दाखवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. प्रत्यक्ष रीतीत शिक्षक शुद्ध रूप लिहून देतो. अप्रत्यक्ष रीतीत तो केवळ खूण करतो आणि दुरुस्ती विद्यार्थ्यावर सोपवतो. गाळलेल्या शब्दासाठी काकपद, चुकलेल्या काळासाठी क्रियापदाखाली रेघ, न समजलेल्या ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह अशा मोजक्या खुणा पुरतात. जो नियम विद्यार्थ्याला शिकवून झाला आहे तेथे अप्रत्यक्ष रीत उपयुक्त असते. जेथे नियमच नसून केवळ रूढी आहे, उदाहरणार्थ ‘डिस्कस’ या क्रियापदानंतर ‘अबाउट’ न येणे, तेथे शुद्ध रूप सांगून टाकणे बरे.

व्याकरण-दुरुस्तीच्या उपयुक्ततेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये, परभाषेतील लेखनाच्या वर्गात व्याकरण-दुरुस्ती निरुपयोगी, किंबहुना घातक असून ती सोडून द्यावी, असे प्रतिपादन केले. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यास उत्तर देताना, निवडक व सुस्पष्ट दुरुस्तीचा लाभ होऊ शकतो, असे मत मांडले. या वादातून निदान एवढे स्पष्ट झाले की, प्रत्येक चुकीवर खूण करणे म्हणजे उत्तम तपासणी नव्हे. लाल रेघांनी भरलेली वही परत मिळालेला विद्यार्थी पुढील वेळी कमी लिहितो आणि खात्रीची, पाठ केलेली वाक्येच लिहितो. त्याच्या चुका घटतात, पण लेखनही घटते.

वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक परिच्छेदाला पाच मिनिटे दिली तरी एका फेरीला पाच तास लागतात. त्यामुळे एका नमुना परिच्छेदाची फळ्यावर सामुदायिक दुरुस्ती, जोडीदाराने केलेली पहिली तपासणी आणि दर खेपेस थोड्याच वह्यांची सखोल तपासणी असे पर्याय वापरले जातात. फळ्यावरील परिच्छेद कोणा एकाचा म्हणून ओळखू येऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते.

संगणकीय साधने

व्याकरण तपासणाऱ्या संगणक-प्रणाली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने आता भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत. उपपदे, स्पेलिंग, कर्ता-क्रियापद जुळणी या बाबतींत ती वेगाने साहाय्य करतात. परंतु वरील नमुन्यातील ‘आय’ म्हणजे कोण, बक्षीस कशाचे, हे यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते प्रश्न न विचारता गुळगुळीत परिच्छेद तयार करून देऊ शकते. असा परिच्छेद उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला शुद्ध मजकूर मिळतो, पण शुद्ध करण्याची क्रिया त्याच्या हातून घडत नाही. म्हणून आधी स्वतः दुरुस्ती आणि नंतर यंत्राशी पडताळा हा क्रम हितावह मानला जातो. प्रत्येक सुचवलेला बदल का केला, हे सांगता आले तरच तो स्वीकारावा.

विद्यार्थ्याने स्वतः करावयाची तपासणी

परिच्छेद लिहून झाल्यावर काही काळ बाजूला ठेवावा आणि मग पुढील प्रश्नांनी तपासावा.

१. माझा मुद्दा एका मराठी वाक्यात सांगता येतो का? येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही.

२. प्रत्येक वाक्य त्या मुद्द्यासाठी काय काम करते?

३. ‘सो’ आणि ‘बिकॉज’ यांच्या दोन्ही बाजूंना खरोखर कारण व परिणाम आहेत का?

४. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ यांच्या जागी नाव घातले तर अर्थ तोच राहतो का?

५. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोणता आणि त्याचा काळ भोवतालच्या वाक्यांशी जुळतो का?

६. ‘जरी–तरी’, ‘जो–तो’ यांची मराठी जोडी इंग्रजीत शिरली आहे का?

७. मोठ्याने वाचताना कोठे अडखळायला होते?

यांपैकी पहिले चार प्रश्न कोणत्याही भाषेतील लेखनाला लागू पडतात. त्यामुळे इंग्रजी परिच्छेद दुरुस्त करण्याच्या सरावाचा लाभ मराठी लेखनालाही होतो आणि मराठीच्या तासाला केलेला नीटस मांडणीचा अभ्यास इंग्रजीच्या तासाला कामी येतो.